भाचा झोपतो, लॅपटॉप जागाच असतो

पत्र घणसोलीहून आलंय. थोडं आटोपशीर करून देतो.

"मी घरून गणिताचे ऑनलाइन क्लास घेते, आठवी आणि नववीचे, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. गेले तीन महिने नेटने जीव नकोसा केलाय. क्लास सुरू झाला की पंधरा-वीस मिनिटांत माझा आवाज तुटायला लागतो. मुलं म्हणतात, 'टीचर, तुम्ही रोबोट झालात.' मग थोड्या वेळाने एकही नवीन पान उघडत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज येत असतात! आतल्या खोलीत सासूबाईंची मालिकासुद्धा बऱ्याचदा चालूच असते. राउटर बंद करून चालू केला की अर्धा तास बरं चालतं, पुन्हा तेच. केबलवाल्यांचा मुलगा चार वेळा येऊन गेला. अ‍ॅडॅप्टर बदलला, वायरचं टोक बदललं, आणि दर वेळी 'मॅडम, लाइन ओके आहे' म्हणून गेला. प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. सकाळी मोजलं तर डाउनलोड ९४ येतो, अपलोड २०. जूनपासून नणंदेचा मुलगा कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आलाय. मिस्टरांना वाटतं हा त्याचाच उद्योग. मी विचारलं तर म्हणाला, 'मामी, मी त्या वेळी एकतर झोपलेलो असतो नाहीतर जिमला गेलेलो असतो.' मुलगा खोटं बोलणाऱ्यातला नाही. आणि नणंदेचा म्हणून जास्त खोदून विचारताही येत नाही. कंपनी बदलू का? नवा राउटर घेऊ का?"

ताई, कंपनी बदलू नका. राउटरही एवढ्यात घेऊ नका. आणि भाचा खरं बोलतोय. तो झोपलेला असतो, जिमलाही गेलेला असतो. त्याचा लॅपटॉप मात्र टेबलावर जागाच असतो, असा माझा अंदाज आहे.

हा अंदाज तुमच्याच एका ओळीवरून आला: नवीन पान उघडत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅप चालू असतं. लाइन तुटली असती तर सगळंच एकदम मेलं असतं. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला एक दिवा असतो. बाहेरून येणारा प्रकाशच थांबला तर तो लाल होतो. पुढच्या वेळी नेट रुसलं की राउटर बंद करायच्या आधी त्या दिव्याकडे बघा. तो लाल नसेल तर केबलवाल्यांचा मुलगा बहुधा बरोबर सांगतोय आणि बिघाड घराच्या आत असण्याची शक्यता जास्त.

मी हे इतक्या खात्रीने लिहितोय कारण मी स्वतः तोंडावर पडलेलो आहे. ठाण्यात आमच्या घरी काही वर्षांपूर्वी डिट्टो हाच प्रकार. आमच्याकडे येणाऱ्या लाइनमनला मी जिन्यात उभं राहून नको ते बोललो, दोन हजारांचा नवा राउटर आणला, तरी फरक नाही. शेवटी कपाटावर ठेवलेला माझाच जुना लॅपटॉप सापडला. त्यावर कधीतरी लिनक्सची, म्हणजे विंडोजसारख्याच पण फुकट मिळणाऱ्या सिस्टिमची, एक फाइल टोरंटने उतरवली होती आणि ते सॉफ्टवेअर चार महिने इमानेइतबारे ती फाइल जगाला वाटत बसलं होतं. लाइनमनला नंतर चहा पाजला, पण जिन्यातलं बोलणं काही परत घेता आलं नाही.

टोरंट म्हणजे काय ते तुम्हाला दोन मिनिटांत कळेल, कारण तुम्ही शिक्षिका आहात. समजा वर्गात एकच गाइड आहे आणि चाळीस मुलांना त्याची झेरॉक्स हवी आहे. गाइडवाल्याने एकट्याने चाळीस प्रती काढायच्या म्हटलं तर संध्याकाळ होईल. त्यापेक्षा तो एकाला पहिलं पान देतो, दुसऱ्याला सातवं, तिसऱ्याला बारावं, आणि सांगतो की आता आपापसात वाटून घ्या. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटॉरंट आणलं त्यामागची युक्ती हीच. फाइलचे तुकडे होतात आणि घेणारा प्रत्येक जण त्याच वेळी देणाराही असतो. गोम पुढे आहे. तुमची प्रत पूर्ण झाली तरी सॉफ्टवेअर थांबत नाही, दुसऱ्यांना पानं देतच राहतं. त्याला सीडिंग म्हणतात. आपण फुलीवर टिचकी मारतो, खिडकी नाहीशी होते, आपल्याला वाटतं झालं बंद. ते मात्र घड्याळाशेजारच्या छोट्या बाणाखाली जाऊन बसलेलं असतं. बऱ्याचदा लॅपटॉप सुरू केला की आपणहून तेही सुरू होतं. भाच्याने जुलैत उतरवलेली एखादी फाइल आज ब्राझीलमधला कोणीतरी तुमच्या घरातून उतरवत असेल आणि त्याला स्वतःला याचा पत्ताही नसेल.

आता तुमची दोन दुखणी वेगवेगळी धरा. आवाज तुटणं हे एक आणि पानं न उघडणं हे दुसरं. कारण एकाच घरातलं असलं तरी रोग निराळे आहेत.

आवाजाचं सोपं आहे. तुमचा खाली येणारा रस्ता ९४ चा, वर जाणारा फक्त २० चा. टोरंट देताना वरचा रस्ता भरून टाकतं. राउटर काय करतो, जे मावत नाही ते रांगेत उभं करतो. तुमच्या आवाजाचा चिमुकला तुकडा त्या रांगेत शेवटी, म्हणजे शिळफाट्याला कंटेनरच्या मागे अडकलेली स्कूटी. अर्धा-पाऊण सेकंद उशिरा पोचलेला आवाज क्लासच्या अ‍ॅपला नको असतो, ते तो फेकून देतं, आणि तुमचा रोबोट होतो. खाली येणाऱ्या गोष्टीही त्यामुळे रखडतात, कारण येणाऱ्या मालाची पोचपावती वरच्याच रस्त्याने पाठवावी लागते. पावती अडकली की पाठवणारा हात आखडता घेतो. म्हणून तुम्ही काहीही अपलोड करत नसताना साधं पानसुद्धा डुलत डुलत उघडतं. या रांगेच्या दुखण्याला बफरब्लोट हे नाव जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास दिलं. डब्यात साठवण जितकी मोठी, तितकी रांग लांब आणि उशीर जास्त. माल हरवू नये म्हणून केलेली सोय अशी अंगाशी आली.

दुसरा रोग जास्त मजेदार आहे, आणि केबलवाल्यांच्या मुलाला तो दिसायची शक्यताच नव्हती. तुमच्या घरात मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप मिळून आठ-दहा वस्तू असतील, पण बाहेरच्या जगाला पत्ता एकच दिसतो. कोणाची चौकशी कोणी केली होती आणि आलेलं उत्तर कोणाला द्यायचं, हे लक्षात ठेवायला राउटर एक वही ठेवतो. तुमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनचं रजिस्टर असतं ना, तसं. प्रत्येक नव्या जोडणीला एक ओळ. साधं घर काही शे ओळींत भागतं. टोरंटवाला लॅपटॉप मात्र एकाच वेळी शेकडो अनोळखी लोकांशी बोलतो. शिवाय 'ही फाइल कोणाकडे आहे' असं विचारत गावभर हिंडतो, त्या प्रत्येक चौकशीची आणखी एक ओळ. संभाषण संपलं तरी ओळ लगेच खोडली जात नाही. बरेच घरगुती राउटर आतून लिनक्सवर चालतात, आणि लिनक्सचा मूळ नियम असा की जोडणी नीट बंद न होता नुसती गप्प बसली तर तिची नोंद ५ दिवस ठेवायची. राउटर बनवणारे हा काळ कमी करतात, पण स्वस्त डब्याची वही मुळातच लहान असते.

वही भरली की वॉचमन नव्या पाहुण्याला गेटवरूनच परत पाठवतो. आत आलेले आतच असतात. व्हॉट्सअ‍ॅपची जोडणी दुपारपासून चालू आहे, तिची ओळ वहीत आहे, म्हणून मेसेज येतात. सासूबाईंची मालिका आधीच लागलेली, तिचीही ओळ आहे. तुम्ही नवीन पान उघडायला गेलात, जागा नाही. राउटर बंद-चालू केला म्हणजे नवी कोरी वही मिळाली. ती पुन्हा भरायला अर्धा तास लागतो. तुम्ही लिहिलेलं एकेक लक्षण असं जागेवर बसतं.

पण माझा अंदाज म्हणजे निकाल नव्हे. रविवारी सकाळी अर्धा तास काढा आणि तपासून घ्या. तुमच्या लॅपटॉपवर, विंडोज असेल तर, शोधायच्या चौकटीत इंग्रजीत 'सीएमडी' टाइप करा. काळी खिडकी उघडेल. त्यात इंग्रजीत पिंग, मग जागा सोडून वजा चिन्ह आणि टी, मग जागा सोडून राउटरचा पत्ता. तो राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर असतो, बहुधा १९२.१६८.१.१. एंटर दाबलं की दर सेकंदाला एक ओळ येत राहील आणि तिच्यात मिलीसेकंदांचा आकडा दिसेल, म्हणजे तिथे हाक जाऊन उत्तर यायला लागलेला वेळ. अशीच दुसरी काळी खिडकी उघडा आणि तिथे राउटरच्या पत्त्याऐवजी ८.८.८.८ द्या. हा गूगलचा सार्वजनिक पत्ता. दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी ठेवा.

आधी भाच्याचा लॅपटॉप पूर्ण बंद ठेवून दहा मिनिटं बघा. पहिल्या खिडकीत दोन-चार मिलीसेकंद, दुसरीत समजा दहा-वीस. मग त्याला म्हणा, आता तुझा लॅपटॉप सुरू कर आणि रोजच्यासारखा राहू दे. दुसऱ्या खिडकीतला आकडा चढत चढत चारशे, सहाशे, आठशे झाला, मधूनच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं आणि पहिली खिडकी शांतच राहिली, तर चोर सापडला. पहिलीच खिडकी उड्या मारायला लागली तर मात्र दुखणं वाय-फायचं आहे. शेजारच्या पंधरा घरांचे राउटर त्याच लहरींवर बोलत असतात, त्यात नवल नाही. त्या वेळी राउटर टीव्हीमागून बाहेर काढा, नाहीतर सरळ केबल टाका. क्लास घेणाऱ्याने केबलच वापरावी हे माझं मत आहे, टोरंट असो वा नसो.

एक फसवी जागा सांगून ठेवतो. वही भरली तरी आधीपासून चालू असलेलं पिंग चालूच राहील, कारण त्याची ओळ वहीत आहे. आकडे छान दिसतील आणि पानं मात्र उघडणार नाहीत. तेव्हा गोंधळू नका. उलट, वही भरल्याची ती चांगली खूण आहे.

भाच्याच्या लॅपटॉपवर तपासायचं तर विंडोजमधलं रिसोर्स मॉनिटर उघडून नेटवर्कच्या पानावर कोणता प्रोग्रॅम किती पाठवतोय ते दिसतं. पण हे तुम्ही करू नका, त्यालाच करू द्या. त्याच्या मागे त्याचा लॅपटॉप उघडलात तर गोष्ट नेटची राहणार नाही, नणंदेपर्यंत जाईल. "तू काय करतोस?" असं विचारण्याऐवजी "मला हे दोन आकडे समजत नाहीत, जरा बस ना माझ्याशेजारी" असं म्हणा. कॉलेजातल्या मुलाला काळी खिडकी दाखवली की तो आपणहून खुर्ची ओढून बसतो. मिस्टरांना त्या अर्ध्या तासात भाजीला पाठवलंत तर उत्तम.

उपाय बंदीचा नाही, मापाचा आहे. तो क्यूबिटटॉरंट नावाचं टोरंट सॉफ्टवेअर वापरत असेल असं धरून सांगतो, बाकीच्यांतही थोड्याफार फरकाने हेच सापडतं. टूल्स, मग ऑप्शन्स, मग कनेक्शन. तिथे एकूण जोडण्यांची मर्यादा मुळात ५०० असते आणि एका टोरंटला १००. ती १०० आणि ३० करा. वही भरायची थांबवणारी कळ ही. त्याच्या उतरवण्याच्या वेगात फारसा फरक पडणार नाही, कारण वेग बहुधा मोजक्या चांगल्या देणाऱ्यांकडूनच येतो, बाकीचे गर्दी करतात.

मग वेगाची मर्यादा. इथे बहुतेक जण गणितात चुकतात. तुम्ही चुकणार नाही, पण भाचा चुकेल. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, सॉफ्टवेअर किलोबाइटमध्ये विचारतं. ८ बिटचा एक बाइट. तुमचे वरचे २० मेगाबिट म्हणजे सेकंदाला २५०० किलोबाइट. त्यातले अपलोडला १००० द्या, घर निवांत राहील. क्लासच्या वेळेसाठी त्याच सॉफ्टवेअरमध्ये पर्यायी मर्यादा आणि तिचं वेळापत्रक असतं. सहा ते नऊ, अपलोड ५०. शून्य लिहायचा मोह होईल, लिहू नका. तिथे शून्याचा अर्थ 'काहीच नाही' असा नसून 'कितीही' असा आहे. या एका शून्याने मी लोकांना आठवडाभर रडताना पाहिलंय.

आणि बिटटॉरंटच्या पानावर सीडिंगचं प्रमाण १ ठेवा, म्हणजे जेवढं घेतलं तेवढं परत दिलं की ते थांबेल. फिटंफाट. लॅपटॉपसोबत आपोआप सुरू होण्याची खूणही काढून टाका.

भाचा हुशार असेल तर म्हणेल, "मामी, टोरंट स्वतःच बाजूला होतं, त्यात तशी सोय आहे." तो चुकीचं बोलत नसेल. गर्दी झाली की मागे सरायची ती पद्धत डिसेंबर २०१२ मध्ये रीतसर लिहिली गेली आणि आजची बरीच सॉफ्टवेअर्स ती पाळतात. पण ती सगळ्याच जोडण्यांना लागू होत नाही, १०० मिलीसेकंदांपर्यंतचा उशीर ती चालवून घेते, आणि वॉचमनच्या वहीशी तर तिचा काही संबंधच नाही. एवढं त्याला सांगा, गप्प बसेल.

नवा राउटर घेऊन प्रश्न सुटेल का, तर कदाचित सुटणारही नाही. पत्ते अपुरे पडतात म्हणून आपल्याकडच्या अनेक नेटवाल्यांनी शेकडो ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलेला असतो. तशी वही मग त्यांच्याकडेही असते आणि प्रत्येक घराच्या वाट्याला ठरावीकच ओळी येऊ शकतात. राउटरच्या सेटिंगच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधल्या आकड्याने सुरू होत असेल तर तुम्ही अशा सामायिक पत्त्यावर आहात. त्या परिस्थितीत पाच हजारांचा राउटरसुद्धा पलीकडची वही मोठी करू शकत नाही. पुढेमागे घ्यायचाच झाला तर खोक्यावरच्या चार अँटेना मोजू नका, त्यात 'एसक्यूएम' आहे का ते विचारा. ती सोय रांग लांबू देत नाही आणि स्कूटीला कंटेनरच्या बाजूने वाट काढून देते.

टोरंट निघालंच नाही तर? मग वर पाठवणाऱ्या बाकीच्या गोष्टी बघा. फोनवरचे फोटो वाय-फाय मिळालं की आपोआप वर चढायला लागतात, आणि नुकतेच गणपती झालेत, प्रत्येकाच्या फोनमध्ये आरतीचे वीस व्हिडिओ असणार. दारावरचा कॅमेरा चित्रण बाहेर पाठवत असेल. विंडोजसुद्धा आपले अपडेट इतर कॉम्प्युटरांना वाटतं. विंडोज अपडेटच्या सेटिंगमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' नावाची जागा आहे, तिथे ते बंद करता येतं. आवाज तुटण्याचा रोग यातल्या कशानेही होतो. वही भरणं मात्र बहुधा टोरंटचंच काम.

एक गोष्ट चौघांत न बोलता भाच्याशी बोला. टोरंट वापरणं हा गुन्हा नाही. लिनक्स, लिबरऑफिस हे सगळं त्या मार्गाने राजरोस मिळतं. पण नवा सिनेमा उतरवला की तो त्याच वेळी दुसऱ्यांना वाटलाही जातो, हे आता तुम्हाला माहीत आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यातलं कलम ६३. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड असं त्यात लिहिलंय. आणि कनेक्शन तुमच्या मिस्टरांच्या नावावर आहे. घाबरवायला सांगत नाही, पण मुलाला हे माहीत असावं.

सगळं करून आठवडा बघा. दिवा लाल दिसला, किंवा भाच्याचा लॅपटॉप बंद असतानाही दुसऱ्या खिडकीतला आकडा संध्याकाळी शे-दोनशेच्या वर जायला लागला, तर दोन्ही खिडक्यांचा वेळेसकट फोटो काढा आणि केबलवाल्यांच्या मुलाला पाचव्यांदा बोलवा. या वेळी त्याला "लाइन ओके आहे" म्हणता येणार नाही. आणि मला पुन्हा लिहिलंत तर चार आकडे जरूर कळवा: लॅपटॉप बंद असतानाचे दोन, चालू असतानाचे दोन.